बोडिलचा आवाज आणि दोन वायरी

"मागच्या रविवारचाच केक आहे हा," कर्स्टन माझ्या कानाशी पुटपुटली. "आत्म्याला शिळं चालतं वाटतं."

मी तिला कोपराने ढोसलं. अक्सेलच्या बैठकीच्या खोलीत आमची अख्खी गायनमंडळी दाटीवाटीने बसली होती. भर दुपारी पडदे ओढलेले, टेबलावर मेणबत्त्या, खिडकीत दोन पांढरे वायरलेस स्पीकर. ते फ्लेमिंगने अक्सेलला भेट दिलेले. गेल्या वर्षी मंडळीत आलेला हा फ्लेमिंग. आमची संचालिका बोडिल, म्हणजे अक्सेलची बायको गेली, आणि याला एकदम परलोकाशी बोलता यायला लागलं.

"वायर आत्म्याला बांधून ठेवते," तो डोळे मिटून म्हणाला. "मोकळ्या हवेतूनच तो येतो. बोडिल, अक्सेलने गुरुवारी हृदयाचं ऑपरेशन करून घ्यावं का?"

स्पीकर खरखरले. मग तिचाच आवाज, अगदी तिचाच: "नको, आत्ता नको. मी खूण करीन तेव्हा."

सगळ्यांचे डोळे पाणावले. अक्सेलने मान हलवली. दोन पायऱ्या चढला तरी त्याचे ओठ निळे पडायचे. थंडी सुरू व्हायच्या आत ऑपरेशन करा, असं डॉक्टरने बजावलं होतं. पण आमच्या गावात बाहेरून आलेल्याला प्रश्न विचारून कुणी अवघडवत नाही. मीसुद्धा तीन रविवार गप्प बसले. खरं सांगू? तो आवाज ऐकायला बरं वाटायचं.

पण गुरुवार चार दिवसांवर आला होता. मी पिशवीतून तांब्याची वायर काढली.

"अक्सेल, तुझे जुने लाकडी स्पीकर जोडू?"

"हाना, आत्मा दुखावेल!" फ्लेमिंग ओरडला.

"तीस वर्षं तिने याच स्पीकरवर गाणी ऐकली. तेव्हा नाही दुखावली."

अक्सेलने हाताने खूण केली: जोड. मी पांढऱ्या स्पीकरचे विजेचे प्लग उपटले, जुन्यांना वायर जोडून अ‍ॅम्प्लिफायर लावला. "आता विचार."

फ्लेमिंगने विचारलं. जुने स्पीकर खरखरलेसुद्धा नाहीत. त्याचा हात कोटाच्या खिशात चुळबुळत होता.

"खिशात कुणाला शोधतोयस रे?" कर्स्टन म्हणाली.

"पांढऱ्यांना खोलीतला कुणाचाही मोबाइल बोलायला लावतो," मी म्हणाले. "या जुन्यांना फक्त वायरीच्या दुसऱ्या टोकाचं कळतं. आणि दुसरं टोक आता माझ्या हातात आहे."

मी ते माझ्या मोबाइलला जोडलं. ईस्टरच्या तालमीचं रेकॉर्डिंग, बोडिलने आम्हा सगळ्यांनाच पाठवलेलं.

"नको, आत्ता नको. मी खूण करीन तेव्हा. टेनरवाल्यांनो, कसली एवढी घाई?"

कुणी हसलं नाही. फ्लेमिंगने कोटाची बटणं लावली आणि दार न लावताच निघून गेला.

"अक्सेल," मी म्हणाले, "ज्याला आपण उलटून प्रश्न विचारू शकतो, त्याचंच ऐकावं. डॉक्टरला विचार. मनाला येईल ते विचार."

अक्सेलने वायरीवरून बोट फिरवलं.

"घाई करणारा टेनर, वरच्या पट्टीत गाणारा, म्हणजे मीच तो. नेहमी खुणेच्या आधी सुरू व्हायचो." त्याने श्वास घेतला, तेवढ्यानेही त्याला धाप लागली. "बोडिल मेली आहे, माणसांनो. गुरुवारी मला हॉस्पिटलात कोण नेईल?"