रेड्याचा आवाज

"अहो, बंद करा ते आधी! दात आंबले माझे."

बायको स्वयंपाकघरातून ओरडली तेव्हा सुपरवायझर कॉम्प्युटरसमोर मांडीवर गिटार घेऊन बसले होते आणि पडद्यावरचे अ‍ॅम्प एकामागून एक उघडून बघत होते. गिटारचा आवाज मोठा करणारे खरे अ‍ॅम्प नव्हेत, त्यांची चित्रं. काळ्या, तपकिरी पेट्या, त्यांच्यावर बटणं. माउसने बटण फिरवलं की गिटारचा आवाज बदलायचा. गिटारची वायर एका छोट्या डबीत, डबीची वायर कॉम्प्युटरमध्ये, पुढचं सगळं सॉफ्टवेअर बघून घ्यायचं. भाचीने हे बसवून दिलं होतं आणि जाताना म्हणाली होती, "मामा, ढिगाने अ‍ॅम्प आहेत यात. एखादा तरी आवडेलच."

त्यांना एखादा नको होता. त्यांना रेडा हवा होता.

रेडा म्हणजे त्यांचा जुना अ‍ॅम्प. दोघांनी मिळून उचलला तरी दोघांच्या कमरा धरायच्या, म्हणून हे नाव. सुपरवायझरांची सारी नोकरी बाटल्यांच्या कारखान्यात गेली. निवृत्त झाले तरी लोक त्यांना सुपरवायझरच म्हणत. कारखान्यातल्या चौघांचा एक बँड होता, आणि रेडा घुमायला लागला की हॉलमधल्या मागच्या रांगेत पेंगणारी माणसंही सरळ बसायची. पुढे त्याचा ट्रान्सफॉर्मर जळाला, दुरुस्त करणारा मिळेना. या लहान घरात राहायला आले तेव्हा जिन्यावरून त्याला वर न्यायला कुणी तयार झालं नाही. रेडा भंगारात गेला.

आता त्याची गरज पडली होती. बँडमधला गाणारा, ज्याला सगळे बुलबुल म्हणत, त्याच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं. आवाज राहिला तर राहिला, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. त्याआधी चौघांनी मिळून बांधलेलं एक गाणं नीट रेकॉर्ड करून ठेवायचं, ज्याने त्याने घरून वाजवून पाठवायचं आणि बुलबुलने ते जुळवायचं, असं ठरलं.

सुपरवायझरांनी बायकोच्या दातांकडे दुर्लक्ष केलं. तिला रेडाही कधी आवडला नव्हता. त्यांना पसंत पडलेला अ‍ॅम्प त्यांनी ठेवला, त्यावर हॉलसारखा घुमारा देणारा इफेक्ट चढवला, वाजवलं आणि पाठवून दिलं.

दुपारी बुलबुलचा फोन आला. "अरे, वाजवलंयस झकास. पण..."

"पण काय?"

"आवाज टोचतोय. आधी मला वाटलं माझेच स्पीकर बिघडले. ट्रेबल केवढा ठेवलायस?"

"पाहिजे तेवढाच." वरचे सूर धारदार करणारं ते बटण त्यांनी जवळजवळ शेवटपर्यंत फिरवलं होतं.

"रागावू नकोस. सोनाराने कान टोचावे म्हणतात, तुझी गिटार माझे टोचतेय."

त्यांनी अ‍ॅम्प बदलून पुन्हा पाठवलं. या वेळी बुलबुल हसला नाही. "हे आणखीच कर्कश झालंय," एवढंच म्हणाला. आणि मग, "तुला खरंच तसं वाटत नाहीये का रे?"

सुपरवायझर कानाच्या दवाखान्यात गेले. तिथल्या मुलीने त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावला. आवाज आला की बटण दाबायचं. सुरुवातीला ते पटापट दाबत होते. मग बराच वेळ काही आलंच नाही.

"मशीन बंद पडलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही काका. चालू आहे."

खोलीबाहेर आल्यावर तिने त्यांना समोर बसवलं. "कारखान्यात होतात ना? बाटल्यांच्या खणखणाटाने कानातले वरचे सूर जातात. गेलेले परत येत नाहीत. यंत्र लावलंत तर बोलणं नीट कळेल."

"आणि गिटार?"

तिला त्यातलं काही माहीत नव्हतं, आणि तिने तसं प्रामाणिकपणे सांगितलं.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं आणि गिटार पेटीत ठेवायला घेतली. "बुलबुलला म्हणतो, दुसऱ्या कुणाकडून वाजवून घे."

"का? हात गेलेत का तुमचे?"

"कान गेलेत. अ‍ॅम्प निवडू कशाने, नाकाने?"

"मी निवडते."

त्यांना हसू आलं. "तू? तुला तर रेड्याचा आवाज सहन व्हायचा नाही."

"नव्हताच होत. म्हणून तर पाठ आहे. तुम्ही त्याच्यासमोर बसायचात, मी भिंतीपलीकडे. माझं निम्मं आयुष्य त्या भिंतीतून रेडा ऐकण्यात गेलं." ती उठली. "इथे बसून मला कळणार नाही. मी आत जाते. तुम्ही वाजवा."

ती स्वयंपाकघरात गेली आणि दार लावून घेतलं. त्यांनी स्पीकर भिंतीकडे वळवला. गाण्यातली सुरुवातीचीच ओळ ते वाजवू लागले, दर वेळी नव्या अ‍ॅम्पवर.

"हा चमचा ताटलीवर घासतोय," आतून आवाज आला.

दुसरा.

"याच्या तोंडात बोळा कोंबलाय."

त्यांनी डिले नावाचा इफेक्ट लावून पाहिला. "हा प्रत्येक गोष्ट दोनदा का सांगतो? एकदा सांगितलं की कळतं म्हणावं!" त्यांनी तो काढून टाकला. घुमाऱ्याचा इफेक्ट "विहिरीत पडलाय" म्हणून अर्ध्यावर आला. तपकिरी पेट्या झाल्या, काळ्या झाल्या. मध्येच नळ वाहिल्याचा आवाज आला आणि तिने ओरडून सांगितलं, "चालू ठेवा, ऐकतेय!"

मग एक साधा, राखाडी अ‍ॅम्प आला. त्यांना तो मेलेला वाटला, जणू कुणी गिटारवर जाड रजई टाकलीय. ट्रेबल कमीच होता. त्यांनी आणखी कमी केला आणि ओळ वाजवली.

आतून काही आलं नाही.

"अगं?"

त्यांनी पुन्हा वाजवलं. तरी नाही. ते उठून बघायला जाणार, तेवढ्यात दार थोडं उघडलं. ती ओल्या हातांनी उभी होती.

"जरा मोठा करा," ती म्हणाली.

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य तिने पहिल्यांदाच उच्चारलं होतं.

त्यांनी आवाज मोठा केला आणि ती उभी असतानाच पूर्ण गाणं वाजवून रेकॉर्ड केलं. आपल्या कानांना जे मिळत नव्हतं, ते बोटांना माहीत होतं. त्यांनी बोटांवर सोडून दिलं.

बुलबुलचं ऑपरेशन झालं. आवाज बोलण्यापुरता परत आला, गाण्यापुरता नाही. बरं वाटायला लागल्यावर त्याने स्वतः फोन केला. त्याचं खरखरीत बोलणं समजायला सुपरवायझरांना फोन कानाला दाबून धरावा लागला.

"गाणं जुळवून ठेवलं होतं. आता पाठवलंय. रेडा कुठे सापडला रे?"

"हिच्याकडे होता," ते म्हणाले.

संध्याकाळी दोघं कॉम्प्युटरसमोर शेजारी बसले. बुलबुलचा जुना, भरदार गळा खोलीत उमटला तशी बायकोने कपाळावरचे केस मागे सारले आणि तिचा हात तिथेच राहिला. शब्द संपल्यावर गिटार एकटी उरली. शेवटचा सूर लांब होता. तो हळूहळू विरत गेला आणि सुपरवायझरांपुरता संपला. त्यांनी गाणं बंद करायला माउसकडे हात नेला.

बायकोने त्यांचं मनगट धरलं, आणि सोडलं नाही. पडद्यावर आवाज दाखवणारी हिरवी रेघ अजून बारीक थरथरत होती.