सिमेंटच्या कोटात कोंडलेली वीट

मी एक कच्ची वीट बोलतेय. भाजलेल्या विटांनी कृपया नाक मुरडू नये. न्यू मेक्सिकोतल्या सांता रुफिना गावच्या चर्चची उत्तरेची भिंत मी पावणेतीनशे वर्षं सांभाळली, तीही छातीवर बकरीचा खूर घेऊन. साच्यातून काढून मला उन्हात ठेवलं होतं, तेवढ्यात ती महामाया माझ्यावरून चालत गेली. कोणी तिला हाकललंसुद्धा नाही, सगळे हसत बसले.

चर्च बांधवून घेतलं स्पेनहून आलेल्या पाद्रीबाबांनी. बांधलं इथल्या मूळच्या प्वेब्लो लोकांनी, आणि त्यांची मर्जी कुणी विचारली नव्हती. बाबा सोटा घेऊनच उभे असायचे. त्यांनी भिंतीचं काम पुरुषांना लावलं. इथे भिंती बायका उभारतात, हे त्यांना कुठे ठाऊक! एका बाप्याच्या हातात वीट बघून बायका इतक्या खदखदून हसल्या, की तो बिचारा वीट टाकून डोंगराकडे पळाला. ती वीट म्हणजे मी. शेवटी एका बाईनेच मला उचलून नीट बसवलं. बाबांनी वहीत लिहिलं, ‘काम माझ्या देखरेखीखाली उत्तम झाले.’

पुढे दरवर्षी उन्हाळ्यात बायका जमायच्या. माती, वाळू आणि गव्हाचा भुसा पाण्यात तुडवून गारा करायच्या आणि तळहातांनी भिंत लिंपायच्या. बाबा गेले, राजे गेले, झेंडे बदलले, पण लिंपण चुकलं नाही. गावच्या बातम्या मला तेव्हाच कळायच्या. कुणाचा नवरा घोरतो, कुणाच्या सुनेला मिरचीचा रस्सा जमत नाही, सगळं.

मग आला क्लेओफास, चर्चचा कारभारी. मनाने सोनं, पण डोक्यात एकदा खूळ शिरलं की शिरलं. एके वर्षी त्याने ट्रकभर सिमेंट आणलं.

“फिडेलिना, तुझ्या कंबरेची सुटका झाली!” तो बायकोला म्हणाला. “आता शंभर वर्षं भिंतीकडे बघायला नको.”

“माझ्या कंबरेचं निमित्त कशाला? शेजारच्या गावापेक्षा गुळगुळीत चर्च हवंय तुम्हाला.”

“तेही आहेच म्हणा.”

गावाने टाळ्या वाजवल्या आणि मला सिमेंटचा कोट चढला. दिसायला झकास! पण दोन हिवाळ्यांत त्याला बारीक चीर पडली, पाणी आत शिरलं आणि आतच राहिलं. आम्हा मातीच्या जातीला ओलं झालं की वाऱ्यावर सुकायची सवय. कोटातून वारा येणार कुठून? वीस वर्षं मी आतल्या आत विरघळत होते. ओरडावं म्हटलं तर तोंड नाही. फार एकटं वाटलं हो.

भिंतीला पोट सुटलं. क्लेओफास म्हणाला, उंदीर असतील. मग म्हणाला, भूकंप. मग म्हणाला, जिच्या नावाचं हे गाव, ती संत रुफिना रुसली आहे. सिमेंटचं नाव मात्र त्याच्या तोंडून निघेना.

शेवटी शहरातून टाय लावलेले एक साहेब आले. त्यांनी भिंतीवर टकटक केलं आणि आवारात जमलेल्या गावाला सांगितलं, “पाडून टाका. सिमेंटच्या ब्लॉकचं नवीन बांधा.”

तिथेच जेवणासाठी रस्सा ढवळत असलेली फिडेलिना डाव घेऊनच पुढे आली.

“पाडायच्या आधी आत काय झालंय ते तर बघू!” म्हणत तिने सिमेंटवर डाव हाणला. दाराएवढा पापुद्रा धाडकन खाली आला, आणि मागून आम्ही खालच्या थरांतल्या विटा पातळ चिखल होऊन क्लेओफासच्या नव्याकोऱ्या बुटांवर ओघळलो. पार घोट्यापर्यंत!

“आता सांगा,” फिडेलिना म्हणाली, “उंदीर चिखल ओततात का?”

क्लेओफासने बुटांवरचा चिखल बोटाने पुसून बघितला. मग म्हणाला, “माझंच चुकलं. सिमेंटनेच घात केला. ते मी लावलं, मीच काढतो. पण साहेब, चर्च पाडू नका.”

“आणि मग दरवर्षी लिंपणार कोण?” साहेबांनी विचारलं.

“आम्ही,” फिडेलिना म्हणाली. “आणि गारा हे तुडवतील.”

बायका अशा हसल्या की साहेबही टाय सैल करून रस्सा प्यायला बसले.

कोट उतरला. भिंतीला टेकू देऊन खालचे चार थर नव्या विटांनी भरले. आमचा चिखल मात्र फिडेलिनाने फेकू दिला नाही. “चांगली माती आहे, भुसा घाला,” म्हणाली. क्लेओफास विजार वर करून आमच्यावर नाचला. त्याच्या पायांना काय गुदगुल्या होतात, सांगू!

म्हणजे मी आता वीट राहिले नाही. मी भिंतीवरचं लिंपण झालेय, अगदी बाहेरच्या बाजूला, उन्हात. पावसाची मोठी सर आली की थोडी थोडी अंगणात वाहून जाते. भीती वाटते, खोटं कशाला सांगू? मग उन्हाळ्यात कुणीतरी मला गोळा करून, तुडवून पुन्हा भिंतीवर चढवतं.

यंदा वयामुळे फिडेलिनाला हात सरळ फिरवता येईना. माझ्यावर तिची चार बोटं वाकडीच उमटली आहेत. बाई, उमटू देत. पण तुमच्यामागून आणखी कुणाला तरी पाठवा. हात यायचे थांबले, तर मी अंगणातली माती. हात येत आहेत तोवर मी चर्च आहे.