तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा

१९७८ साली आमच्या टॉर्व्हिक गावात ऑक्टोबर संपायच्या आतच बर्फ पडलं आणि वितळायचं नाव घेईना. त्याच पंधरवड्यात माझ्या मारिटला चाळीस मैलांवरच्या शाळेत घालायचं ठरलं. ठरलं म्हणजे, मीच 'हो' म्हणाले होते असं शाळेचं म्हणणं होतं.

मारिट तेव्हा आठ वर्षांची. तिला एकेक अक्षर ओळखता यायचं, पण ती अक्षरं ओळीत आली की तिच्यासाठी त्यांचा नुसता गोंधळ व्हायचा. वर्गातली मुलं पान उलटत, तेव्हा ही पहिल्याच ओळीवर बोट ठेवून बसलेली असे. बाकी पोरगी हुशार होती. गोठ्यात कुठली गाय आज रुसली आहे हे धार काढायच्या आधी तिला कळायचं. पण परक्या माणसासमोर तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. दुकानातल्या बाईनं नाव विचारलं तरी आजीच्या कोटात तोंड लपवायची.

आदल्या वर्षी नवा कायदा लागू झाला होता. ज्या मुलाला शिकायला जड जातं, त्याची सोय सरकारी शाळेनंच करायची, आणि ती कशी करायची हे आईबापांना समोर बसवून, त्यांना विचारून ठरवायचं. त्याआधी असं कोणी विचारत नसे. माझा दीर एलरॉय मारिटसारखाच होता. त्याला सहावीतच शाळेनं घरी पाठवलं होतं, आणि माझ्या सासऱ्यांनी 'बरं' म्हणून त्याला ट्रॅक्टरवर बसवलं होतं.

आमच्या बाजूच्या पाच गावांच्या शाळांचं मिळून एक डिस्ट्रिक्ट होतं. या नव्या कामासाठी डिस्ट्रिक्टनं पार पूर्व किनाऱ्यावरून, न्यू जर्सीहून, एक माणूस आणला, मिस्टर केसलर. बारीक अंगाचे, भराभर बोलणारे. टाय असा की आमच्याकडे कोणी लग्नातही बांधला नसता. पण माणूस मनानं चांगला. त्यांनी मला आणि माझ्या नवऱ्याला, व्हर्लिनला, बोलावलं. खोलीत हेडमास्तर होते आणि मारिटच्या वर्गाच्या ब्रेकीबाई होत्या. या बाईंनी व्हर्लिनलाही शिकवलं होतं, त्यामुळे तो त्यांच्यासमोर अजून टोपी हातात धरून बसे.

केसलरनी सगळं नीट समजावलं. शहराच्या शाळेत खास वर्ग होता. अशा मुलांना शिकवायचं शिक्षण घेतलेल्या बाई होत्या. बस पहाटे सव्वासहाला आमच्या फाटकापाशी येईल आणि संध्याकाळी परत सोडेल.

"तुमची काही हरकत?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "नाही, म्हणजे, तुम्ही एवढा विचार केलाय..."

व्हर्लिन खिडकीबाहेर बघत म्हणाला, "याहून वाईटही होऊ शकलं असतं."

व्हर्लिनच्या तोंडी याचा अर्थ 'नको' असाच होता, आणि त्याला ओळखणाऱ्या कोणीही हे ऐकून तो विषय तिथेच सोडला असता. केसलर मात्र खूश झाले. "तुमच्यासारखे पालक मिळायला भाग्य लागतं," म्हणाले, आणि सहीसाठी कागद पुढे केला. इतक्या लांबून आलेल्या माणसाचा कागद तसाच परत कसा सरकवायचा? आम्ही सह्या केल्या. ब्रेकीबाई स्वतःच्या नखांकडे बघत होत्या.

परत येताना व्हर्लिन म्हणाला, "रस्ता निसरडा झालाय." धान्याचं कोठार मागे पडल्यावर म्हणाला, "सव्वासहाला अंधार असतो."

घरी सासूबाई, गुड्रुन त्यांचं नाव, लेफ्से लाटत होत्या. बटाट्याची ती पातळ पोळी त्यांच्यासारखी गावात कोणाला जमत नसे.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"आणि तू काय म्हणालीस?"

"हरकत नाही म्हणाले."

"हरकत आहे ना पण?"

"आहे."

"मग?"

"आई, माणूस चांगला आहे हो. त्याच्या तोंडावर कसं..."

"किती वेळा विचारलं त्यानं?"

"एकदा."

त्यांनी लाटणं खाली ठेवलं. "एकदा? माझ्याकडे कोणी कुत्र्याचं पिल्लू मागायला आला तरी याहून जास्त वेळा विचारील."

मारिट टेबलाखाली मांजराशी खेळत होती. तिला वाटलं आम्ही खरंच पिल्लू देऊन टाकतोय. ती बाहेर आली आणि रडायलाच लागली.

शनिवारी दुपारी ब्रेकीबाई आल्या. खजुराच्या वड्या घेऊन आल्या, पण सांगितलं असं की चर्चच्या जत्रेपासून आमच्याकडे राहिलेलं त्यांचं पातेलं न्यायला आल्यात.

"कॉफी?" मी विचारलं.

"नको गं, आत्ताच झाली."

"थोडी घ्या."

"नको, उगाच तुझं काम वाढवायचं."

"केलेलीच आहे, बाई."

"केलेलीच असेल तर दे अर्धा कप."

दोन कप झाले. बर्फावर बोलणं झालं, बीटाच्या पिकावर झालं, पास्टरच्या गुडघ्यावर झालं. मग बाईंनी दोन्ही मांड्यांवर थाप मारली, "चला, निघते," म्हणाल्या, उठल्या, आणि स्वयंपाकघराच्या दारात पुन्हा उभ्या राहून पास्टरचा दुसरा गुडघाही उरकला. कोट चढवला. हातमोजे चढवले. बाहेरच्या दाराच्या कडीला हात लावला आणि कडीकडेच बघत म्हणाल्या,

"आर्डिस, पुन्हा बैठक मागता येते हं. कायद्यात आहे. सही केलेली असली तरी."

"असं?"

"आणि सोबत कोणालाही नेता येतं. मुलाला ओळखणारं कोणीही." आता त्यांनी सासूबाईंकडे बघितलं. "मी काही बोलले नाही हं, गुड्रुन."

"तू कशाला बोलशील?" सासूबाई म्हणाल्या. "तू पातेलं न्यायला आली होतीस. आणि ते इथेच विसरून चाललीयेस."

फोन करायला मला मंगळवार उजाडला. दोनदा आकडे फिरवून ठेवून दिला. तिसऱ्या खेपेला केसलरच बोलले. "पुन्हा बैठक? पण मिसेस नायगार्ड, तुम्ही तर समाधानी होतात!" मी म्हणाले, हो, आहोतच, पण एकदा भेटलो असतो. त्यांना काही कळलं नसावं, पण त्यांनी शुक्रवार दिला.

सासूबाईंनी चर्चचा कोट घातला आणि फडक्यात लेफ्से बांधून घेतली. खोली तीच, माणसं तीच. कोपऱ्यात केसलरांचं विजेवरचं कॉफीचं भांडं खदखदत होतं. आम्ही बर्फातून आलो होतो आणि सगळ्या खोलीभर तो वास.

"कॉफी घेणार, मिसेस नायगार्ड?" त्यांनी सासूबाईंना विचारलं.

"नको, नको."

"बरं," म्हणाले, स्वतःच्या कपात ओतली आणि बसले.

सासूबाई त्या कपाकडे बघत राहिल्या. व्हर्लिन उगाच खाकरला. आम्हा दोघांना तर त्यांनी विचारलंही नाही. एका घरातल्या एकानं नको म्हटलं, म्हणजे सगळ्यांचंच नको, असं त्यांनी धरलं असावं.

केसलर पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगू लागले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हे मी आजही सांगेन. ते म्हणाले, "इथे माझ्याकडे तिला द्यायला काही नाही. खोली नाही, बाई नाहीत. तिकडे आहेत. तिनं वाचावं असं तुम्हाला वाटत नाही का?"

हे मला लागलं, कारण रात्रंदिवस मला तेच तर वाटत होतं. पण मला हेही दिसत होतं की पहाटेच्या काळोखात, अनोळखी बसमध्ये, अनोळखी मुलांत बसून जाणारी मारिट तिथे पोचेपर्यंत तोंड मिटून घेईल, आणि एकदा मिटलं की ते लवकर उघडणार नाही. हे सांगायचं म्हणून तर मी आले होते. आणि तोंडातून काय निघालं?

"तुमचं बरोबर आहे."

केसलरनी मान हलवली आणि कागद आवरायला घेतले. संपलं.

तेवढ्यात ब्रेकीबाई म्हणाल्या, "मिस्टर केसलर, गुड्रुनला कॉफी विचारा."

"विचारली की. त्या नको म्हणाल्या."

"परत विचारा."

केसलर गोंधळले, पण बाईंच्या आवाजात वर्गातली जरब होती. "मिसेस नायगार्ड, कॉफी घ्याल?"

"छे, कशाला तुम्हाला त्रास," सासूबाई म्हणाल्या.

केसलरनी 'बघा, मी म्हणालो नव्हतो?' अशा नजरेनं बाईंकडे पाहिलं.

"अजून एकदा," बाई म्हणाल्या. हेडमास्तर छताकडे बघत होते.

"मिसेस नायगार्ड, थोडी तरी घ्या ना."

"बरं, केलेलीच आहे तर अर्धा कप," सासूबाई म्हणाल्या, आणि लगेच, "भरून दिला तरी चालेल."

केसलर मोठ्यानं हसले. उठून त्यांनी कप काठोकाठ भरला. सासूबाईंनी तो दोन्ही हातांत धरला, एक घोट घेतला आणि डोळे मिटले. इतका वेळ त्यांना ती किती हवी होती हे आंधळ्यालाही दिसलं असतं. केसलर हसत हसत बघत होते, आणि बघता बघता त्यांचं हसू गेलं. भांडं हातात तसंच होतं. ते माझ्याकडे वळले.

"मारिटला तिकडे पाठवायला तुमची हरकत आहे का?"

"तुम्हाला योग्य वाटत असेल तर..."

त्यांनी भांडं खाली ठेवलं, खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि बसले. यावेळी ते अगदी सावकाश बोलले. "मला काय वाटतं ते राहू द्या. तुमची हरकत आहे?"

"आहे," मी म्हणाले. "मला तिला पाठवायचं नाही."

त्या गावात बंद खोलीत चारचौघांसमोर मी 'नाही' म्हटलेलं कोणी कधी ऐकलं नव्हतं. मीही नाही. व्हर्लिन टोपी फिरवायचा थांबला. "मलापण नाही," तो म्हणाला.

"एलरॉयच्या वेळी," सासूबाई कपात बघत म्हणाल्या, "मला एकदाही विचारलं नव्हतं." आणि त्यांनी लेफ्सेचं फडकं सोडून केसलरांपुढे सरकवलं.

केसलरांनी पोळी घेतली, पण खाल्ली नाही. "ठीक आहे. मग करायचं काय, ते तुम्ही सांगा," म्हणाले.

'नाही' म्हणायचं कसं एवढाच मी दहा दिवस विचार केला होता. पुढचा केलाच नव्हता. मग सुचेल ते बोलत गेले. तिकडच्या बाई इकडे येऊ शकत नाहीत का? आठवड्यातून एकदा, फार तर, केसलर म्हणाले. मग त्या दिवशी त्यांनी मारिटला शिकवावं आणि मलाही शिकवावं, बाकीचे दिवस मी शिकवीन. खोली? मुलांचे कोट टांगायची खोली आहे की, ब्रेकीबाई म्हणाल्या, कोट बाहेर टांगू. हेडमास्तर म्हणाले, असं आजवर कुठे झालेलं नाही. केसलर म्हणाले, "कायदाही आजवर नव्हता."

त्या हिवाळ्यात रोज धारा काढून झाल्या की मी शाळेत जायची. व्हर्लिननं त्या खोलीला गोठ्याच्या उरलेल्या पांढऱ्या रंगाचा हात दिला. जानेवारीत आमच्या शेजारी आणखी दोन मुलं येऊन बसली. ती दोघं मागच्या बाकावर इतकी वर्षं कशी कोणाला दिसली नव्हती, कोण जाणे. त्यांच्या आया आळीपाळीनं यायला लागल्या. त्यांना कोणी, किती वेळा विचारलं ते मला ठाऊक आहे, कारण विचारणारी मीच होते.

मारिट पुढच्या वसंतात पहिलं पूर्ण पान वाचू शकली. तिकडे गेली असती तर लवकर वाचायला लागली असती का? असेलही. मला अजून सांगता येत नाही.

केसलर आमच्याकडे अकरा वर्षं राहिले. बैठक संपली की पालकांबरोबर त्यांच्या गाडीपर्यंत चालत जायची सवय त्यांनी लावून घेतली, कारण खरं काय ते आमची माणसं गाडीचं दार उघडल्यावर सांगतात हे त्यांना कळलं होतं. म्हातारी आई आजारी पडली म्हणून ते परत गेले. दर नाताळला त्यांचं पत्र येई. तिकडे लोक मला एकदाच विचारतात आणि मी उपाशी राहतो, असं एकदा त्यांनी लिहिलं होतं. काही वर्षांपूर्वी पत्रं थांबली.

हेडमास्तर विम्याच्या धंद्यात गेले आणि तिथे सुखी झाले. ब्रेकीबाई १९९१ च्या उन्हाळ्यात वारल्या. त्यांच्या अंत्यविधीला चर्चच्या तळघरात खजुराच्या वड्यांची इतकी ताटं आली की पास्टरनी ती शाळेत पाठवली. ते पातेलं अजून माझ्याकडेच आहे.

सासूबाई ब्याण्णव वर्षं जगल्या. शेवटच्या हिवाळ्यात मी त्यांना विचारलं, "आई, त्या दिवशी कॉफीचं तुम्ही मुद्दाम केलंत ना?" त्या रागावल्याच. "मुद्दाम कशाला? मला खरंच कॉफी हवी होती."

व्हर्लिनचं हृदय गोठ्यातच थांबलं, गाई विकायच्या आदल्या शरदात. एलरॉय आता गावातल्या वृद्धाश्रमात असतो. मारिट बुधवारी जाऊन त्याला साप्ताहिक वाचून दाखवते, जुन्या यंत्रांच्या लिलावांसकट. ती अजून ओळीखाली बोट ठेवूनच वाचते. त्या दोघांना कसलीही घाई नसते.

टॉर्व्हिकची शाळा २००३ साली बंद झाली. आता गावातली सगळीच मुलं शहराला जातात, पहाटेच्या काळोखात, बसनं.

मारिटचं शेत नदीपलीकडे आहे. तिची मुलं मोठी होऊन बाहेर पडली, घर रिकामं झालं. रविवारी ती मला न्यायला येते, चर्चनंतर जेवायला. मागच्या महिन्यात मला म्हणाली, "आई, आमच्याकडेच राहायला ये ना आता." मी म्हटलं, छे, कशाला तुमच्या डोक्याला ताप. गेल्या रविवारी तिनं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, नको गं, इथे माझं बरं चाललंय.

उद्या रविवार आहे.