मुकी झालेली सोन्याची चिप

मित्रांनो, मी एक वापरून झालेली चिप आहे. नखाएवढी काच आणि तिच्यावर सोन्याचा पातळ थर, एवढाच माझा देह. सोनं म्हटल्यावर डोळे मोठे करू नका. अख्ख्या खोक्यातलं सोनं खरवडलंत तरी नाकातली चमकी होणार नाही!

अमरावतीच्या एका प्रयोगशाळेत चंदाताईनं मला घडवलं. माझ्या सोन्यावर तिनं इतके बारीक खांब उभे केले की केसाच्या जाडीत हजारभर मावावेत. त्या खांबांवर प्रतिपिंडं बसवायची होती. प्रतिपिंड म्हणजे रक्तातला रोगजंतू नेमका ओळखून धरणारा रेणू. पण ते नुसतं ओतून भागत नाही, बरं का! पाय खाली, हात वर असं रोवावं लागतं. उलटं पडलं की जंतू धरणार कशानं? ताईच्या कितीतरी चिपा अशाच फुकट गेल्या. ती चिडायची, रडायची, पुन्हा कामाला बसायची. शेवटी जमलं. उरलेल्या फटी तिनं दुधातल्या प्रथिनानं बुजवल्या, म्हणजे भलतंच काही येऊन चिकटायला नको. माझ्या एका बहिणीवर रोगजंतू असलेल्या रक्ताचा थेंब टाकला आणि खिशात मावणाऱ्या यंत्रावर 'आहे' अशी अक्षरं उमटली, तेव्हा ताई ओरडलीच, "बोलली वो माही चिप!"

आमचं काम स्क्रब टायफस ओळखायचं. गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्यानं हा ताप येतो. वेळेत कळला तर गोळ्यांनी बरा होतो, नाहीतर जीव घेतो.

आम्ही दहा जणी बर्फाच्या पिशवीसह जऊळक्याकडच्या एका गावी निघालो. खोकं चेंगरू नये म्हणून बसच्या ड्रायव्हरनं ते मायेनं आपल्याजवळ, इंजिनाच्या झाकणावर ठेवलं. भला माणूस! ऑक्टोबरचं ऊन, खाली तापलेलं इंजिन. बर्फ केव्हाच वितळला. माझी प्रतिपिंडं वेडीवाकडी होऊन गेली, आणि वरून मी होते तशीच चकचकीत दिसत होते.

गावात खोकं सुकेशनी या आशा कार्यकर्तीच्या हाती पडलं. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं: आधी एका चिपेवर लाल बाटलीतला थेंब टाका. त्यात रोगाचा अंश आहे, म्हणून यंत्रानं 'आहे' म्हणायलाच हवं. न म्हटलं तर अख्खं खोकं फेका. सुकेशनीनं कागद दोनदा वाचला. गावात घरोघरी ताप होता.

"बाटलीतल्या पान्यासाठी चिप कायले वाया घालू? तेवढ्यात एक मानूस तपासून होते," ती म्हणाली.

तिचं मन मोठं होतं हो. कुणाला परत पाठवायचं तिच्या जिवावर यायचं.

आठ जण तपासून झाले. यंत्र 'नाही' म्हणत गेलं आणि त्यांचा ताप खरोखरच साधा निघाला. नववी मी. माझ्यावर रक्त आलं ते सुकेशनीच्या शेजारणीचं, गंगूचं.

मित्रांनो, त्या रक्तात जंतू होता! माझ्या अंगावरून सरकत गेला आणि मला त्याला धरता आलं नाही. यंत्रानं 'नाही' लिहिलं. माझा जीव तीळतीळ तुटत होता, पण ब्र काढता आला नाही.

"गंगूवयनी, तरी तालुक्याले, मालेगावच्या दवाखान्यात दाखवून ये," सुकेशनी म्हणाली.

"मशीन नाई म्हनते ना? मंग कापनीले आलेलं सोयाबीन सोंगाले जातो मी."

पाचव्या दिवशी तिचा नवरा देवमन तिला दवाखान्यात घेऊन धावला. उशीर झाला होता. गंगू परत आली नाही.

पुढे चंदाताई वापरलेल्या चिपा न्यायला आली. एक कोरी उरली होती. तिनं त्यावर लाल बाटलीतला थेंब टाकला. यंत्र म्हणालं, 'नाही'. "म्हंजे या चिपा वाटेतच मेल्या होत्या!" ताई म्हणाली. सुकेशनीनं दवाखान्यातून आलेला गंगूचा कागद काढला; त्यावर स्क्रब टायफस लिहिलं होतं.

देवमन मात्र सगळ्यांना सांगत फिरत होता, "तिले तो ताप नव्हताच. मशीननं पाह्यलं होतं." आपण उशीर केला नाही, तेवढाच त्याला आधार होता. सुकेशनीला तो मोडवेना, पण लपवणंही तिला जमेना. ती त्याच्या अंगणात गेली.

"देवमनभाऊ, तोच ताप होता. चिपा पहिलेच मेल्या होत्या. एक चिप वाया घालून पाहाची होती. म्या नाई पाह्यली."

देवमन ओरडला नाही. नुसतं म्हणाला, "एक वाया गेली असती तं काय झालं असतं, सुकेशनी?"

ती धाय मोकलून रडली. ताईकडे द्यायच्या चिपांसोबत मी तिच्या पिशवीतच होते.

मित्रांनो, आम्हाला गार ठेवा, उन्हातान्हात टाकू नका. आणि आमच्या 'नाही'वर भरवसा ठेवण्याआधी आमच्यात जीव उरलाय का, तेवढं बघत जा. त्यासाठी एक चिप जाते, जाऊ द्या. चंदाताई दुसरी घडवेल. गंगू कुणाला घडवता येणार आहे?