नावेच्या टोकावरचा चेंडू

मी एक जुना रबरी चेंडू आहे, मित्रांनो. लिंबाएवढा. पण मला कुणी कधी फेकलं नाही की झेललं नाही. शर्यतीच्या नावेचं टोक सुरीसारखं असतं, त्यावर मला बसवलं होतं. नाव कुणाला धडकलीच, तर ते टोक अंगात घुसू नये एवढ्यासाठी. माझं काम एवढंच होतं आणि तेच सगळे विसरले.

न्यूझीलंडभरच्या शाळा दर मार्चमध्ये डोंगरातल्या तळ्यावर वल्हवायला जमतात. एका वर्षी आमची शाळा तिथे माझ्या जाडीइतक्या अंतराने जिंकली. पंच म्हणाले, नाव नाही, चेंडू जिंकला. झालं, तेव्हापासून मी शुभ ठरलो. लाकडी नावा जाऊन हलक्या, काळ्या नावा आल्या, पोरांच्या जोडीला पोरी आल्या. मी मात्र दर वेळी जुन्या नावेवरून नव्या नावेवर. शर्यतीच्या सकाळी आठ वल्हवणारे आणि एक सुकाणूवाला, अशा नऊही जणांनी माझ्यावर तळवा ठेवायचा आणि नाव पाण्यात पडेपर्यंत अशुभ काही बोलायचं नाही, अशी रीत पडली. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू?

पण रबरालाही म्हातारपण येतं. मी कडक झालो, माझ्या स्क्रूचं भोक सैल पडलं. आमच्या नावा विरेमू सांभाळायचे. पोरं त्यांना कोरो, म्हणजे आजोबा, म्हणायची. त्यांनी मला बदलायला घेतलं, तर मुलींची कप्तान मेरानिया आडवी आली.

"कोरो, माझी मावशी यालाच हात लावून जिंकली. नेमकं आमच्याच वर्षी काढताय?"

"अगं, म्हातारा झालाय तो."

"म्हातारे तर तुम्हीपण झालात. तुम्हाला काढलं का आम्ही?"

कोरो हसले आणि मला पांढरी चिकटपट्टी गुंडाळून मोकळे झाले. ते हसणं आठवलं की मला आजही धडकी भरते.

शर्यतीच्या सकाळी डोंगरावरून वारा सुटला होता. नावा तपासणारे गृहस्थ आमच्याच शाळेचे जुने विद्यार्थी निघाले. त्यांनी मला दाबून पाहायचं, तर तेही तळवा ठेवून पुढे गेले. मग पोरी आल्या. पहिला हात पडला तेव्हाच मी हललो. दुसऱ्या हाताखाली हललो, तिसऱ्याखालीही. प्रत्येकीला ते कळलं, कारण प्रत्येकीने हात जरा लवकरच उचलला. शेवटी सुकाणूवाली पिपा आली. तिचा हात थबकला.

"काय गं?" मेरानियाने विचारलं.

"काही नाही. गार लागला."

शर्यतीआधी अंग मोकळं करायला पोरी चार फेऱ्या मारतात. तिसऱ्या फेरीत लाटांनी पट्टी भिजून सुटली आणि मी पाण्यात पडलो. नाव माझ्याशिवाय पुढे गेली. वल्हवणाऱ्यांची पाठ नेहमी पुढे असते. समोरचं दिसतं ते एकट्या पिपाला, तेही आठ डोक्यांवरून. पलीकडून ब्रायनी नावाची मुलगी एकटीच आपली छोटी नाव वल्हवत येत होती. तिचीही पाठ आमच्याकडेच. वाऱ्याने तिला आमच्या वाटेत ढकललं. मला सगळं दिसत होतं, पण ओरडायला तोंड नव्हतं. पिपा किंचाळली तोवर ते उघडं टोक ब्रायनीच्या पाठीत गेलं होतं.

मी लाटांबरोबर काठाला लागलो. कोरोंनी मला उचललं. शेजारी पोरी ओल्या अंगाने बसल्या होत्या.

"तुला कळलं होतं?" मेरानियाने पिपाला विचारलं.

"तुला नव्हतं कळलं?"



ब्रायनी जगली. पण तिचं एक फुप्फुस निकामी झालं, ती पुन्हा नावेत बसली नाही. कोरो मला चुलीत घालणार होते. शाळा म्हणाली, हा आपला इतिहास आहे. म्हणून मी करंडकाशेजारी काचेच्या कपाटात आहे.

मला वाटलं, आता तरी संपलं. पण गेल्या मार्चमध्ये शर्यतीला निघालेली मुलं कपाटापाशी थांबली, एकेकाने काचेवर तळवा ठेवला आणि कुणी काही न बोलता निघून गेली. काचेवरचे ठसे मी मोजले. नऊच होते.

मित्रांनो, माझ्यावर हात ठेवू नका. बाहेर तुमच्या नावेवर नवा चेंडू आहे, त्याला अंगठ्याने दाबून पाहा. आणि तो हलला, तर बोला.