मोमो वाइसाले गुडघ्यांवर बसला

मी एक जुनी गोणी आहे, मित्रांनो. फिजीतल्या एका नदीकाठच्या गावात माझे आयुष्य गेले. आधी मी सुके खोबरे भरून होडीतून बंदरावर जात असे. पुढे मी फाटले. तेव्हा विलिमाइना नावाच्या बाईने माझ्या पोटात नारळाचा काथ्या ठासून भरला, मासेमारीच्या दोऱ्याने मला शिवले आणि गावच्या रग्बीच्या मैदानावर उभे केले.

रग्बीत समोरून धावत येणाऱ्या गड्याला खांदा लावून, कवेत घेऊन खाली पाडावे लागते. मुले ते आधी माझ्यावर शिकतात. एक मूल मला मागून धरते आणि बाकीची धावत येऊन मला भिडतात. एवढीशी मुले वाऱ्यासारखी अंगावर यायची, तेव्हा मार खाताना मला त्यांचा हेवा वाटे.

त्यांना शिकवायचा वाइसाले. तरुणपणी तो देशाकडून खेळला होता. सगळी मुले त्याला मोमो, म्हणजे मामा म्हणत. तो मैदानात आला की कुत्रीसुद्धा बाजूला सरत. सराव संपल्यावर तो मुलांना घरी नेऊन उकडलेले कसावाचे कंद पोटभर खाऊ घाली. मात्र खेळ तो स्वतः जसा शिकला होता, तसाच शिकवी.

"डोकं खाली घाल आणि घूस," तो सांगे.

"मोमो, डोकं फुटलं तर?" कोणीतरी विचारी.

"नारळ आहे का फुटायला?"

मुले हसत आणि डोके खाली घालून घुसत.

मग जिल्ह्याच्या रग्बी मंडळाने नवा नियम केला. मुलांना शिकवणाऱ्या प्रत्येकाने आधी स्वतः प्रशिक्षण घ्यायचे आणि मंडळाचे माणूस येऊन त्याचा सराव पाहणार. आमच्याकडे मंडळाकडून असेनाका नावाची मुलगी आली. तरुण, सडपातळ, पायात चिखलाने भरलेले बूट.

"तू रांगत होतीस तेव्हा मी देशासाठी खेळत होतो, पोरी," वाइसाले म्हणाला.

"माहीत आहे, मोमो. आमच्या घरी भिंतीवर तुमचा फोटो आहे. बाबा त्याला हात लावू देत नाहीत. पण आज मी सराव बघायला आलेय."

"बघ की. बघायला कोण नको म्हणतंय?"

त्या दुपारी लावेनिया धावत आली. ती विलिमाइनाची मुलगी, संघातली सर्वांत वेगवान. शिकवल्याप्रमाणे तिने डोके खाली घातले. मला धरून उभी असलेली मुलगी नेमकी त्याच क्षणी पुढे झुकली आणि माझ्या कडेला दोघींची डोकी आपटली. तो आवाज माझ्या काथ्यातून आरपार गेला. दुसरी मुलगी कपाळ चोळत उठली. लावेनियाही उठली, पण भलत्याच दिशेने चालू लागली.

"आई, आपण होडीतून कधी उतरलो?" तिने विचारले. तिची आई तिथे नव्हतीच.

वाइसालेने तिच्या तोंडावर पाणी मारले. "काही झालेलं नाही. चल, परत रांगेत."

असेनाका मध्ये येऊन उभी राहिली. "ती आज खेळणार नाही."

"माझ्या मैदानावर तू मला सांगणार?"

"हो, मोमो."

ती जागची हलली नाही. त्या माणसाला कोणी अडवलेले मी कधी पाहिले नव्हते. तेवढ्यात लावेनिया माझ्यावर ओणवी झाली आणि ओकली. वाइसालेनेच तिला उचलले आणि दवाखान्यात न्यायला होडीकडे धाव घेतली.

लावेनिया वाचली. डॉक्टर म्हणाले, मेंदूला मार लागला आहे, त्यावर लगेच दुसरा बसला असता तर मुलगी हाती लागली नसती. विलिमाइना माझी शिवण तपासताना हे शेजारणीला सांगत होती. सांगताना तिच्या हातातली सुई थांबली.

त्यानंतर वाइसाले मैदानावर फिरकला नाही. एका पोरीने त्याला हाकलले असे काहीजण हसून म्हणाले. प्रत्यक्षात तो शहरात गेला होता आणि आपल्या निम्म्या वयाच्या मुलांबरोबर वर्गात बसून शिकत होता.

परत आला तेव्हा त्याने सगळ्या मुलांना आणि आईबापांना मैदानावर बोलावले. असेनाकाही आली होती. लावेनिया सावलीत बसली होती. डॉक्टरांनी तिला अजून धावायला परवानगी दिली नव्हती.

"मी तुम्हाला चुकीचं शिकवलं," वाइसाले म्हणाला. "आता माझं डोकं कुठे जातं ते बघा. चुकलं की ओरडा."

आणि तो डोंगराएवढा माणूस माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला. मान वर, नजर समोर, डोके माझ्या बाजूला ठेवून त्याने हळूच खांदा लावला.

"मोमो, डोकं आत गेलं," लावेनिया सावलीतून म्हणाली.

कोणी हसले नाही. त्याने मान हलवली आणि पुन्हा खांदा लावला. चुकला. पुन्हा लावला. त्याच्या घामाने माझी कूस भिजली. देशभर ज्याच्या नावाच्या आरोळ्या उठल्या, तो माणूस एका लहान मुलीला विचारत होता, "आता बरोबर आहे का गं?" मित्रांनो, इतक्या हळू लागलेल्या खांद्याने मी आतून कधीच हलले नव्हते.

आता मी म्हातारी झाले आहे. मंडळाने नव्या गोण्या दिल्या आहेत. माझी शिवण उसवली तर विलिमाइना आणखी एकदा टाके घालील. मुलांच्या डोक्याला मात्र असे टाके घालता येत नाहीत. म्हणून तुमच्या मैदानावर जो कोणी शिट्टी घेऊन उभा असेल, त्याला विचारा, 'तुम्ही हे कुठे शिकलात आणि तुमचं शिकवणं कोण बघतं?' आदराने विचारा. तो रागावला, तर पुन्हा विचारा.