मातीला दहा काडतुसं

कोरमंगला म्हणजे तेव्हा एक खेडं होतं. तळं, रागीची शेतं, आणि शेतांच्या टोकाला मातीचा उंच बांध. त्या बांधासमोर रायफल क्लबचे लोक रविवारी सकाळी नेम धरायचे. एरवी दहा-बारा साहेब आणि चार कुत्री. पण चौसष्ट सालच्या त्या रविवारी तिथं दोनशे माणूस. शेंगावाला आला, फुलवाली आली, शहरातल्या शिवाजीनगरातून बस भरभरून बायका आल्या. सगळे बघायला आले होते ते काडतुसाला डोळे देणाऱ्या लक्ष्यानंद स्वामींना.

स्वामी उंच, काळेभोर, अंगावर भगवी शाल. आवाज असा की मागच्या कुत्र्यानंसुद्धा बसून ऐकावं.

"भक्तहो, शिसं आंधळं असतं. कारखान्यात त्याला आकार मिळतो, डोळा मिळत नाही. तो मी देतो. काडतुसात अणू, अणूत स्पंदन, स्पंदनात ओंकार. अमेरिकेत एवढ्यासाठी आठ मजली यंत्र बांधलंय."

आठ मजली यंत्र यांनी कुठं पाहिलं ते विचारू नका. मीही लोकांना सांगते की माझ्या आजीनं वाघाला केरसुणीनं हाकललं होतं. पण ते सांगून मी कुणाचं औषध बंद करत नाही.

चमत्कार असा व्हायचा. कारखान्याची नवी सीलबंद पेटी सगळ्यांसमोर फोडायची. आत पन्नास काडतुसं, एकसारखी. पंचवीस पेटीत ठेवायची, पंचवीस पिवळ्या रेशमी पिशवीत घालून स्वामी मंत्र म्हणायचे. मग रायफलीची नळी सळईनं साफ करून, आतून तेल फिरवून 'शुद्ध' करायची. आधी पेटीतली साधी झाडायची. कागदावर भोकं अशी पसरायची, जणू मुलांनी भिंतीवर चिखल फेकलाय. मग पिशवीतली. ती एकात एक. चार आण्याच्या नाण्याखाली मावतील अशी.

मधे कुणी सळई हातात घेतली की स्वामी ओरडायचे, "नळीत लोखंड घालू नका. मंत्र तुटतो."

क्लबातले साहेब लोक अडाणी नव्हते. विमानाच्या, टेलिफोनच्या कारखान्यातले इंजिनिअर होते. वर्षभर त्यांचा एकच वाद चालायचा: कुठल्या कारखान्याचं काडतूस जास्त नेमकं. प्रत्येकाची वही, प्रत्येकाचं मोजमाप. त्यांनी भोकांमधलं अंतर व्हर्निअरनं मोजलं आणि मान खाली घातली. आकडे स्वामींच्याच बाजूचे होते.

त्यातला एक दामोदर. मूळ पुण्याचा, आमच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचा. बायको अलका, चोवीस वर्षांची, छातीच्या दुखण्यानं, म्हणजे क्षयानं, अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरांनी नव्वद इंजेक्शनं सांगितली होती, रोज एक. त्या इंजेक्शनांनी तिच्या कानात घंटा वाजायच्या, चालताना भिंत धरावी लागायची. पण ताप उतरत होता, वजन दोन पौंड वाढलं होतं. एक्केचाळीस झाली. आणि बेचाळिसावं दामोदरनं घेऊ दिलं नाही.

"पद्माक्का, स्वामी म्हणतात मंत्राचं पाणी सुरू केलं की सुई नको. सुईनं मंत्र तुटतो."

"हे तुला पटलं? तू इंजिनिअर ना रे?"

"म्हणूनच पटलं. मी ऐकलेल्यावर गेलो नाही. सहा रविवार मोजलंय. जो मंत्र शिशाला वळवतो, तो फुप्फुसातल्या जंतूला नाही वळवणार?"

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टरांनी खात्री दिली का? मी तीनदा विचारलं. म्हणाले, बघू या. अक्का, मला 'बघू या' नको आहे हो."

त्याचं तोंड बघवत नव्हतं. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले.

अलकाकडं गेले तर ती उशीला टेकून बसलेली. शेजारी पितळेच्या गडूत ते पाणी.

"तुला तरी पटतंय का गं?"

"इंजेक्शन नको असलं की काहीही पटतं, अक्का." हसली. मग खोकली, आणि रुमाल माझ्यापासून लपवला. "ते रोज माझ्यासमोर बसून पाणी पिताना बघतात. मी नाही म्हटलं तर कोसळतील."

रुमालावर काय होतं ते मला दिसलं होतं. औषध थांबून अकरा दिवस झाले होते.

भांडून उपयोग नव्हता. स्वामींशी वाद घालावा तर ते संस्कृत बोलतात, दामोदरशी घालावा तर तो वही उघडतो. म्हटलं, सरी, ठीक आहे. याला वहीतूनच उत्तर देऊ.

पिशवीला मंत्रानंतर पुरुषाचा हात लागायचा नाही असा नियम होता. सवाष्णीनं ती तबकातून न्यायची. त्या रविवारी मी पुढं झाले. मंत्र तंबूत व्हायचा आणि नेमाची जागा शंभर पावलांवर, म्हणून मला घोड्याच्या जटक्यात बसवून मिरवत नेलं. पिशवी तबकात, पेटीही तबकात. घोडा चालला, मी पदर पुढं ओढला, आणि पदराआड अदलाबदल केली. साधी पिशवीत, मंतरलेली पेटीत. जटकेवाला म्हणाला, "अम्मा, पोटात दुखतं का?" मी म्हटलं, "स्वल्प."

दामोदर जमिनीवर पालथा झोपून नेम धरत होता. नळी साफ झाली, तेल फिरलं. पेटीतली पंचवीस झाडली. कागद आणला तर चिखलफेक. मग पिशवीतली. आधीच्या सहा रविवारांसारखीच, एकात एक. लोकांनी जयजयकार केला. मी पुढं गेले.

"दामोदर, थांब. पिशवीत साधी होती. मंतरलेली पेटीत होती. मी बदलली."

दामोदर उठून बसला. मला वाटलं, संपलं.

स्वामींनी डोळे मिटले. चार श्वास घेतले. मग दोन्ही हात वर केले.

"बघितलंत? मंत्र माझ्यातून निघाला आणि या माउलीच्या हातात उतरला. हिनं स्पर्श केला तीच काडतुसं जागी झाली. भक्तहो, हिच्या अंगात देवी आली आहे."

अय्यो, मग काय विचारता. पहिल्यांदा फुलवालीनं माझे पाय धरले. मग रांगच लागली. कुणी कपाळाला कुंकू फासलं, कुणी मांडीवर पोर ठेवलं. आयुष्यभर थापा मारल्या तेव्हा लोक 'चल, काहीतरीच' म्हणायचे. त्या दिवशी पहिल्यांदा सरळ खरं बोलले, तर माझी देवी झाली.

हसू आलं असतं. पण गर्दीतून दामोदर आला आणि गुडघ्यावर बसला.

"पद्माक्का, अलकाच्या पाण्याला तुम्ही हात लावा. आजच. तिला काल खूप रक्त पडलं."

मी त्याला सोडवायला आले होते आणि आणखी खोल ढकलून दिलं होतं.

मी "मळमळतंय" म्हणून तंबूमागं पळाले. तिथं देवाप्पा बसला होता. क्लबाचा रायफली सांभाळणारा म्हातारा. तीस वर्षं मराठा पलटणीत काढलेली, म्हणून मराठी बोलायचा, पण कन्नडच्या चालीवर. सळईला चिंधी गुंडाळत होता.

"काय देवी, प्रसाद काय देणार?"

"देवाप्पा, चेष्टा नको. पोरगी मरेल. खरं सांग, हे होतं कसं?"

"काय होतं कसं?"

"आधीची पसरतात, नंतरची जुळतात. कुठलीही घाला."

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं जणू मी विचारलंय, भात शिजतो कसा.

"तेलाची नळी आहे ना अम्मा. तेल लावून पुसलेल्या नळीतून पहिली काडतुसं कुठंही जातात. आतनं तेल जळायला पाहिजे, काडतुसावरचं मेण नळीला बसायला पाहिजे. मग रायफल ठिकाणावर येते. पलटणीत रिक्रूटला पहिल्या दिवशी शिकवतात. या क्लबात पण रीत होती. नळी साफ केली की मातीला दहा. दहा काडतुसं बांधावर फुकट झाडायची, मग कागद लावायचा. काडतुसाची जात बदलली तरी पुन्हा मातीला काही."

"मग बंद का झाली?"

"बासष्टच्या लढाईनंतर काडतुसं मिळेनात. महिन्याला माणशी एक पेटी. त्यातली दहा मातीत घालायची साहेबांना जड जायला लागली. स्वामी आले आणि म्हणाले, मातीत टाकणं हा लक्ष्मीचा अपमान. साहेबांना बरंच झालं."

"आणि तू गप्प बसलास?"

"मला कोण विचारलं? माझ्या हातात सळई, त्यांच्या हातात पेन." चिंधी खाली ठेवली. "आणि स्वामीला माहीत नाही असं समजू नका. म्हैसूर रोडच्या एका बंदूक दुरुस्तीच्या दुकानात अकरा वर्षं नळ्या पुसत होता तो. हात बघा त्याचे."

मी देवाप्पाचा दंड धरला आणि त्याला तसाच ओढत दामोदरकडं नेलं. गर्दीला वाटलं देवीनं सेवक निवडला. वाट दिली.

"दामोदर, मी पाण्याला हात लावीन. पण आधी माझं एक काम कर. एकच. मंत्र नाही, पिशवी नाही. नवी पेटी फोड. देवाप्पा नळीला तेल देईल. पाच झाड, कागद बदल. पाच झाड, कागद बदल. असे पाच कागद."

"कशाला?"

"देवी सांगते म्हणून."

ही मात्र मी ठरवून थाप मारली. त्याचं मला अजून वाईट वाटत नाही.

त्यानं पाच कागद केले. पहिल्यावर भोकं वीतभर पसरलेली. दुसऱ्यावर निम्मी. तिसऱ्यावर जवळजवळ नाण्याएवढ्यात. चौथ्या-पाचव्यावर एकात एक. सगळी साधी, कारखान्यातून आली तशी. ना कुणी ओंकार म्हटलेला, ना कुणी डोळा दिलेला.

दामोदर पाचही कागद मांडून मातीतच बसला. मग देवाप्पाला म्हणाला, "पुन्हा तेल लाव." आणि स्वामींकडं वळला. "स्वामी, आता पंचवीस मंतरून द्या. पहिल्यांदा तीच झाडतो."

"परीक्षा घेणाऱ्याला मंत्र फळत नाही, बाळा."

"सहा रविवार मी परीक्षाच घेत होतो. तेव्हा फळला की."

"तेव्हा श्रद्धा होती."

"रायफलीला?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. तंबूत मागच्या रविवारची एक मंतरलेली पिशवी उरली होती. देवाप्पानं ती उचलून आणली, सवाष्ण-बिवाष्ण न बघता. दामोदरनं तेलाच्या नळीतून झाडली. कागद आला, तर पहिली दहा भोकं चारी कोपऱ्यांत.

स्वामी म्हणाले, "म्हाताऱ्याच्या हातानं विटाळ झाला." पण आता आवाजात तो दम नव्हता. देवाप्पा थंडपणे म्हणाला, "हात दाखवा स्वामी. माझा आणि तुमचा, दोन्हीला तेच तेल आहे." बायका बसकडं निघाल्या. मागं शेंगांची टरफलं तेवढी राहिली.

दामोदर वही उघडून बसला होता. सहा रविवारांची पानं, प्रत्येक अंतर इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत.

"सगळं मोजलं हो अक्का. आधी कुठलं झाडलं आणि नंतर कुठलं, एवढंच कधी उलटं करून बघितलं नाही." मग म्हणाला, "बारा दिवस झाले."

"ऊठ," मी म्हटलं. "जटका उभा आहे."

अलकाला दुपारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत, त्यामुळं जास्त भीती वाटली. तपासून म्हणाले, "मधे तोडलं की जंतू त्या औषधाला जुमानत नाहीत. आता आधीचं चालेलच असं नाही. बघू या."

दामोदर म्हणाला, "बघू या, डॉक्टर."

आधीचं औषध चाललं नाही. दुसरी औषधं दिली, त्यांनी पोटात अन्न ठरेना. अलका सोळा महिने सॅनेटोरियममध्ये होती. डाव्या फुप्फुसाचा अर्धा भाग काढावा लागला. जगली. पण दोन पायऱ्या चढून तिसरीवर थांबायची, आणि तो थांबायचा तिच्यासोबत, वर न बघता. ते बारा दिवस गेले नसते तर फुप्फुस वाचलं असतं का, हे त्यानं डॉक्टरांना एकदाच विचारलं. डॉक्टर म्हणाले, माहीत नाही. ज्याला खोटी खात्री विकायची नसते तो असंच बोलतो, हे त्याला तेव्हा कळलं.

त्याला मूर्ख म्हणू नका. ज्याचं माणूस अंथरुणावर खोकतंय त्याला पुरावा फार लवकर पटतो, आणि भोंदूला हे दुकानदाराला गिऱ्हाईक कळावं तसं कळतं. म्हणून घाबरलेल्या माणसानं एकट्यानं ठरवू नये. ज्याला घाबरायचं कारण नाही अशा कुणाला तरी बरोबर घ्यावं. चमत्कार दाखवणाऱ्याला नमस्कार करायचा तर खुशाल करा, पण त्याला सांगा: आधीचं नंतर करा, नंतरचं आधी करा, आणि माझ्या हातानं करू द्या. तो 'मंत्र तुटतो' म्हणाला, तर तुमचं औषध तुमच्या खिशात घाला आणि घरी या. आणि ज्याच्या हाताला त्या कामाचं तेल लागलंय, त्याला विचारायला लाजू नका.